शेजारच्या खाटेवरची चार वाक्यं

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आज लिफ्टमध्ये एक माणूस भेटला. त्याला मी निदान चार वेळा मरताना पाहिलंय. एकदा बँकेच्या दारात गोळी लागून, एकदा विमानात, एकदा हॉस्पिटलात आणि एकदा घरामागच्या अंगणात गवत कापता कापता. डोंबिवलीत केबल आली तेव्हापासून हा चेहरा ओळखीचा, पण नाव विचाराल तर शपथ. अमेरिकन मालिकांत बड्या इन्स्पेक्टरच्या मागे फाइल घेऊन उभा असतो, ‘सर, हे बघा’ एवढंच म्हणतो आणि जाहिराती लागल्या की आपण ज्याला विसरतो, तो हा! हातात कोल्ड स्टोअरची, म्हणजे इथल्या किराणा दुकानाची पिशवी, तिच्यात खबूसच्या रोट्या आणि दही. इथे बहरीनच्या माहूजमध्ये, आमच्याच बिल्डिंगमध्ये, पाचव्या मजल्यावर!

‘तुम्ही ॲक्टर ना?’ मी विचारलं. म्हातारा काय खूश झाला! म्हणाला, ‘दोन वर्षांत ओळखणारे तुम्ही पहिलेच. बाकीचे विचारतात, आपण कुठे एकत्र नोकरीला होतो का?’ नाव एमेट सॉर्बी, वय चौऱ्याहत्तर. बायको गेल्यावर मुलीकडे राहायला आलाय. मुलगी क्लेअर इथे एका शाळेत शिकवते.

मीही नट आहे असं सांगून बसलो. बावीस वर्षं इथे एसीच्या डक्टची ड्रॉइंगं तपासतोय आणि मराठी मंडळात वर्षाला एक एकांकिका करतो, तर हा मी ‘नट’! वर ‘लीड रोल्स, मोस्टली’ असंही म्हणालो. माझा मजला आला म्हणून सुटलो. बायकोला, उल्काला, यातलं काही सांगितलं नाही, ती आठवडाभर हसली असती.

नाटक ठरलं की मी नवी वही काढतो. उद्या कुणी आत्मचरित्र मागितलं तर हाताशी असावं म्हणून. अजून कुणी मागितलेलं नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर

जयेशच्या घरी वाचन झालं. जयेश बँकेत आहे, अडतीस वर्षांचा, मला ‘काका’ म्हणतो. का म्हणतो कोण जाणे, केस त्याचेच जास्त गेलेत. पण लिहितो मात्र झकास. फेब्रुवारीत आखातातल्या मंडळांची एकांकिका स्पर्धा यंदा बहरीनला आहे, तिच्यासाठी त्यानं ‘शेजारची खाट’ लिहिलंय.

गोष्ट अशी. आखातातल्या एका हॉस्पिटलमध्ये दोन खाटा. एकीवर देशपांडे, म्हणजे मी. दुसरीवर एक गोरा म्हातारा. याला मराठी कळणार नाही या भरवशावर देशपांडे त्याच्यासमोर मन मोकळं करत राहतो. मुलाला घराबाहेर काढलं, तेही सांगतो. शेवटी एक मोठं स्वगत. ते संपल्यावर तो म्हणतो, ‘तुला काय कळणार म्हणा! तू तर परका.’ आणि चाळीस मिनिटं गप्प असलेला म्हातारा मराठीत बोलतो. चारच वाक्यं: ‘माझी बायको अलिबागची होती. मला सगळं कळतं. मुलाला फोन कर. मी जागा आहे.’ देशपांडेची बोबडी वळते, मग दीड पानात नाटक संपतं. ऐकताना फारुखनं डोळे पुसले. फारुख आमचा नेपथ्य आणि प्रकाशवाला, रत्नागिरीचा. जिदहफ्सला त्याचं फर्निचरचं दुकान आहे, तालमी त्याच्याच गोदामात होतात.

गोरा कोण करणार? दरवेळी आम्ही मंडळातला एखादा घारा मेंबर पकडतो, पावडर थापतो आणि तो ‘टुम कोन हाय’ सुरू करतो. मी सहज म्हटलं, ‘माझ्या ओळखीचा एक हॉलिवूडचा नट आहे.’ काय ऐट आली मला. उल्कानं फक्त चष्म्यावरून पाहिलं. ती आमची प्रॉम्प्टर. चौदा वर्षं विंगेत वही घेऊन उभी राहते. शाळेत लायब्ररी सांभाळते, त्यामुळे हळू आवाजात बोलण्याचा सराव आहे.

शुक्रवार, ६ डिसेंबर

एमेट ‘हो’ म्हणाला. मी अर्धं वाक्य बोललो तोवरच म्हणाला.

दोन तास त्याच्याकडे बसलो. चाळीस वर्षं, एकशे तीसच्या वर भूमिका. शेरीफ, शवागारातला डॉक्टर, मोटेलचा कारकून, न्यायाधीश. न्यायाधीश नऊ वेळा, प्रत्येक वेळी बोलायला एकच शब्द. एका पोलिसी मालिकेत तीन सीझन तो टेबलामागचा सार्जंट होता. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये खरे पोलीस त्याला हात करायचे. बाकी पात्रांना नावंसुद्धा नसायची: ‘काउंटरवरचा माणूस’, ‘दुसरा शेजारी’. ऑडिशनला गेलं की बाकावर त्याच्यासारखेच दिसणारे आठ जण बसलेले. सगळे एकमेकांचे दोस्त. यातला कुणीतरी एक आज जेवायला घालणार, असं म्हणायचे.

मी विचारलं, मोठा सीन कधी मिळाला नाही? मिळाला म्हणे, पाच-सहा वेळा. मोठी भाषणं. पाठ केली, शूट झाली आणि एडिटिंगमध्ये उडाली. कधी वेळ कमी, कधी हिरोचा क्लोज-अप हवा. ‘तुझी रिॲक्शन ठेवलीय,’ असं सांगायचे. आणि खरंच ठेवलेली असायची. क्लेअर लहान असताना त्यानं तिला एकदा टीव्हीसमोर बसवलं, आज बाबाचं भाषण बघ म्हणून. भाषण आलंच नाही. तिनं विचारलं, ‘तू विसरलास का?’

हे सांगून तो हसला. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत कसंतरीच वाटत राहिलं.

शुक्रवार, ३ जानेवारी

एमेटला उल्का शिकवते. फोनवर वाक्यं रेकॉर्ड करून देते, तो इंग्रजी अक्षरांत आपल्या पद्धतीनं लिहून घेतो. ‘कळतं’मधला ‘ळ’ काही केल्या निघेना. जीभ मागे, मॅडम? आणखी मागे? संध्याकाळी माहूजच्या गल्ल्यांतून ‘कळतं, कळतं’ करत चालत असतो. कोल्ड स्टोअरचा मल्याळी त्याला घाबरून पाणी देतो.

माझा ‘क्यू’, म्हणजे ज्यावर त्यानं बोलायचं ते माझं वाक्य, मात्र त्यानं आधी पाठ केला. म्हणाला, ‘माझी वाक्यं चुकली तर चालतील, तुमची चुकून चालणार नाहीत. तुम्ही दार उघडणार, मी फक्त आत येणार.’

आज गोदामात पहिल्यांदा सगळं सलग केलं. मी स्वगतात अगदी पेटलो होतो. आणि लक्षात आलं, कुणी माझ्याकडे बघतच नाहीये! जयेश, फारुख, चहा आणणारी अश्विनी, सगळे एमेटकडे. आणि तो काय करत होता? काहीच नाही. पाण्याचा ग्लास उचलायचा होता, तो त्यानं माझ्या एका वाक्यावर अर्ध्यात थांबवला आणि परत ठेवला. बस. नंतर मी विचारलं, हे कुठे शिकलास? म्हणाला, ‘एक काम घ्यायचं आणि ते खरं करायचं. तहान लागली होती, पण तुमचं ऐकणं जास्त महत्त्वाचं वाटलं.’

फारुख म्हणाला, ‘काय हो शेखरभाई, म्हातारा नुसता बसतो नि आपला जीव घेतो!’ मी ‘हो ना’ म्हटलं.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज जे केलं ते लिहू की नको? लिहितो. ही वही कोण वाचणार आहे?

जयेशला बाजूला घेऊन म्हटलं, शेवटची चार वाक्यं आणि पुढचं दीड पान काढलं तर? प्रेक्षकाला सगळं तोंडात घालून द्यायचं नसतं. स्वगतावर ब्लॅकआउट, परिणाम दुप्पट. बोलताना मला ते पटतही होतं. जयेश म्हणाला, ‘काका, मग नाटक कशाला? त्या चार वाक्यांसाठी तर लिहिलंय.’ मी लगेच, ‘नाही नाही, आपला विचार मांडला.’

वळलो तर मागे एमेट, हातात त्याचा कागद. त्याला मराठी कुठे कळतं! ‘ऑल गुड?’ म्हणाला. ‘ऑल गुड,’ मी म्हणालो. कान तापले होते माझे. सत्तावन्नाव्या वर्षी, हौशी रंगभूमीवर, पाण्याचा ग्लास खाली ठेवणाऱ्या माणसाचा हेवा! लाज वाटते. वाटली तेवढी पुरे, आता पाठांतर.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उद्या प्रयोग. क्लेअर लिफ्टमध्ये भेटली. पुढच्या रांगेतलं तिकीट घेतलंय म्हणाली. ‘बाबांना मी स्टेजवर कधी पाहिलेलंच नाही. टीव्हीवर ते मरायचे तेवढंच. आई मला सांगायची, तो खोटा मेलाय, जेवायला घरी येणार आहे.’ चार वाक्यांचा अर्थ तिनं मुद्दाम विचारला नाही, उद्या प्रयोगानंतर त्यांच्याच तोंडून कळू दे म्हणाली.

मी म्हटलं, ‘ही इज व्हेरी गुड.’ आणि खरंच तो आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ब्लँक झालो. होतं असं. भल्याभल्यांना होतं.

ईसा टाउनचं सभागृह गच्च भरलेलं. स्वगत असं लागलं की आयुष्यात लागलं नव्हतं. पहिल्या रांगेत बायका रडत होत्या. शेवटचं वाक्य संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. मी उशीवर डोकं टेकून डोळे मिटले होते. टाळ्या थांबल्या. आता ‘तुला काय कळणार’ म्हणायचं, की एमेट बोलणार. आणि वाक्य गेलं. डोक्यात नुसतं पांढरं.

किती वेळ गेला माहीत नाही. ब्लॅकआउट एमेटच्या वाक्यांनंतर, दीड पानाच्या शेवटी ठरलेला, त्यामुळे फारुख दिवे घालवेना. मग खाटेची कुरकुर ऐकू आली. एमेट उठला, सावकाश माझ्याकडे आला. माझ्या पायांवरची चादर घसरली होती, ती त्यानं वर ओढली. नीट खोचली, आपण आजारी मुलाची खोचतो तशी. मग माझ्या पायाशी बसून राहिला. फारुखनं दिवे घालवले.

काय टाळ्या पडल्या!

जयेश मेकअप रूममध्ये डोकं धरून बसला होता. ‘काका, झालं काय?’ मी तोंड उघडणार तेवढ्यात उल्का म्हणाली, ‘माझी चूक. दोन पानं एकदम उलटली गेली, मला वाक्यच सापडेना.’ म्हणजे प्रॉम्प्ट आलाच नव्हता! मला उगाच काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटत होतं. बिचारी. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण ती पदर सावरत बाहेर गेली.

एमेट माझ्या पाठीवर थोपटून म्हणाला, ‘प्रत्येकाचं होतं असं, शेखर.’ क्लेअर त्याच्याकडे बघत उभी होती. तिच्याशी बोलायला मला सवड झाली नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

निकाल. एकांकिकेला दुसरं. वैयक्तिक अभिनयात पहिलं पारितोषिक चंद्रशेखर, म्हणजे अस्मादिक! पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, ‘शेवटची ती चादर! एक शब्द नाही आणि सगळं सांगितलं.’ जयेशनं हसून नमस्कार केला. हसू रडक्यासारखं होतं.

मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. मध्येच एकानं लिहिलं, ‘पुढच्या वेळी प्रॉम्प्टर जरा अनुभवी घ्यावा.’ त्यावर अकरा जणांनी अंगठे दाखवले. मी उल्काच्या बाजूनं काहीतरी लिहायला हवं होतं. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, मग फोन चार्जिंगला लावला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

उल्का दमलेली दिसते. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. चहा ठेवते, पण आपला कप घेऊन बाल्कनीत जाते. काल बेसनाचे लाडू करून पाचव्या मजल्यावर देऊन आली. बराच वेळ बसली असावी. ‘काय म्हणाला एमेट?’ मी विचारलं. ‘लाडू आवडले म्हणाले.’

जाहीर चूक पदरी पडली की माणसाला लागतंच. मी म्हटलं, ‘अगं, दोन पानं उलटली तर काय एवढं? मनाला लावून घेऊ नकोस.’ तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भांडी घासायला लागली. घासलेली भांडी परत घासत होती.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

खाटा परत द्यायला जिदहफ्सला गेलो. परवापासून रोजे, त्यामुळे दुकानात फारुखची धांदल. खाट उचलता उचलता तो म्हणाला, ‘एक विचारू? राग नको हां. वहिनींचा आवाज मला मागे लायटीजवळ आला. एकदा नाय, तीनदा. नि तुमच्या कानावर नाय आला?’

‘टाळ्या चालू होत्या ना,’ मी म्हणालो.

‘टाळ्या थांबल्यावर आला हो.’

‘मग दुसरं कुणीतरी बोललं असेल.’

‘असेल,’ फारुख म्हणाला आणि खाटेची त्याची बाजू उचलली. मग पूर्ण वेळ तो लाकडाबद्दलच बोलत होता.

गाडीत बसलो तर गाडीला घराची किल्ली लावत होतो. ब्लँक झालेल्या माणसाचं आठवड्यानंतर असं होत नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

लिहून टाकतो.

वाक्य गेलं नव्हतं. सगळं वाक्य जिभेवर होतं: तुला काय कळणार म्हणा, तू तर परका. उल्कानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते मला आधीच आठवत होतं. दुसऱ्यांदा ती जरा मोठ्यानं म्हणाली. तिसऱ्यांदा तिचा आवाज कापत होता. तिला वाटलं असेल मला झटका-बिटका आला. आणि मी डोळे मिटून पडलो होतो आणि विचार करत होतो: या टाळ्या माझ्या आहेत, आता हा चार वाक्यं बोलणार आणि घरी जाताना लोक त्याच्याबद्दल बोलणार. नाही म्हणालो वाक्य. नाही म्हणजे नाही.

हलकट आहे मी. चौदा वर्षं जी बाई माझ्यासाठी अंधारात उभी राहिली तिच्या नावावर चूक लिहून मी पारितोषिक घेतलं. आणि ज्या माणसानं स्वतः मला सांगितलं होतं की त्याची भाषणं कायम कापली जातात, त्याचंच भाषण मी कापलं. हे माहीत नसतं तर एक वेळ वेगळं. मला माहीत होतं. शी!

मी या वहीतसुद्धा ‘ब्लँक झालो’ असं लिहिलं. कुणाला फसवत होतो?

शनिवार, १ मार्च

सकाळी दहाला पाचव्या मजल्यावर गेलो. एमेटनं दार उघडलं. क्लेअर बाजारात गेली होती. बसलोही नाही, उभ्यानंच सांगितलं. मला वाक्य आठवत होतं, मी मुद्दाम म्हटलं नाही.

‘माहीत आहे,’ तो म्हणाला.

मला वाटलं उल्कानं सांगितलं. तर म्हणाला, ‘छे, तुमची बायको मला सांगायला आली होती की चूक तिची. वाईट खोटं बोलतात त्या. शेखर, मला मराठी येत नाही. पण माझ्या वाक्याआधीचे सात शब्द मी अडीच महिने ऐकलेत, झोपेतही ओळखीन. त्या रात्री ते विंगेतून तीनदा आले. खाटेवरून एकदाही नाही.’

‘मग तू बोलला का नाहीस? सरळ सुरू करायचं होतंस!’

‘तुम्ही म्हणालाच नाहीत की मी परका आहे, तर मी उत्तर कशाचं देऊ? लोकांना कळलं असतं, हिरो वाक्य विसरला. हिरो पडला की तो पडलाय असं दिसू द्यायचं नाही. आयुष्यभर तीच तर नोकरी केली.’ मग म्हणाला, ‘माझी भाषणं वेळेसाठी कापली गेली, जाहिरातींसाठी कापली गेली. मी चांगलं करतोय म्हणून कापणारे तुम्ही पहिलेच. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मला आनंद होईल.’

‘आणि?’

‘नाही झाला.’

मी माफी मागितली. तो ‘ठीक आहे’ म्हणाला नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, ‘एक भानगड झालीय. त्या दिवशी क्लेअरनं विचारलं, वाक्यं कुठे गेली? सहकलाकाराचं नाव सांगायचं नसतं. मी म्हटलं, मी विसरलो. माझ्या वयात ते लगेच खरं वाटतं. मंगळवारी ती मला डॉक्टरकडे नेतेय, मेंदूची तपासणी करायला. आठवडाभर मी गॅस बंद केला की ती मागून येऊन बघून जाते. काल कपाटावर चिठ्ठ्या लावल्या: कप, साखर, औषधं.’

स्वयंपाकघरात मला त्या पिवळ्या चिठ्ठ्या दिसत होत्या.

तेवढ्यात क्लेअर आली. एमेटनं मान हलवून मला नको म्हणून खुणावलं. मी तरीही सांगितलं. इंग्रजी धड सुचेना, तोडकंमोडकं सांगितलं. तुमचे बाबा काही विसरले नाहीत. मी त्यांना बोलू दिलं नाही. मला हेवा वाटला.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. हातातल्या पिशव्या तिनं तिथेच जमिनीवर ठेवल्या, आणि खाली बसून रडायला लागली. ‘थँक गॉड, थँक गॉड,’ एवढंच म्हणत होती. एमेट तिच्याजवळ गेला, तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. मग तिनं डोळे पुसले, माझ्याकडे वर पाहिलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाली, ‘प्लीज, आता तुम्ही जा.’

मी जिना उतरून आलो. लिफ्टमध्ये कुणी भेटलं असतं तर मी काय बोललो असतो?

उल्का डाळ निवडत बसली होती. मी समोर बसलो.

‘मला ऐकू आलं होतं,’ मी म्हटलं.

तिचा हात थांबला. ‘किती वेळा?’

‘तिन्ही वेळा.’

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘तुमच्या पापण्या हलत होत्या. विंगेतून तुमचा चेहरा दिसतो, चौदा वर्षं तोच तर बघतेय. जयेशनं विचारलं आणि तुम्ही आता काय बोलणार, या भीतीनं मीच बोलून गेले. तुमचं खोटं मला ऐकायचं नव्हतं. मग वाट बघत बसले. आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही मला म्हणालात, मनाला लावून घेऊ नकोस.’

मी एमेट आणि क्लेअरचं सांगितलं. चिठ्ठ्यांचं ऐकून तिनं तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, ‘मंडळाला सांगणार आहात, की एवढ्यावरच आटोपणार?’

‘सांगतो. ग्रुपवर लिहितो.’

‘जयेशला आधी फोन करा. नाटक त्याचं होतं.’

केला. जयेश शेवटपर्यंत ऐकत राहिला. ‘काका’ म्हणाला नाही, ‘ठीक आहे, सर’ म्हणाला आणि फोन ठेवला.

मग ग्रुपवर लिहायला बसलो. अर्धा तास लागला. पाठवण्याआधी उल्काला दाखवलं: ‘२१ तारखेच्या प्रयोगात उल्कानं प्रॉम्प्ट वेळेवर दिला होता, तीन वेळा. मला तो ऐकू आला होता. एमेट यांचा प्रभाव पाहून मला क्षणभर मोह झाला आणि मी पुढचं वाक्य मुद्दाम म्हटलं नाही. एमेट काहीही विसरले नव्हते. पारितोषिक परत करत आहे. चंद्रशेखर.’

तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

‘‘क्षणभर’ काढा,’ ती म्हणाली.

‘का?’

‘क्षण कसला? शेवटचं दीड पान होतं ते.’

काढलं आणि पाठवलं.